‘येथे बिटकॉइन घेतले जातील’ अशी पाटी लावू का?

ताई, नमस्कार.

मी बेळगावातल्या शहापूरचा, वय २७. खडेबाजारात आमचं साड्यांचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. लग्नसराईत गोव्याचं गिऱ्हाईक जास्त, चंदगड-गडहिंग्लजकडचंही येतं. वडगावातले काही विणकर आमच्यासाठी विणतात, बाकी माल सुरतेहून आणि इलकलहून येतो. बीकॉम झाल्यापासून मी बाबांबरोबर गल्ल्यावर बसतो.

माझा एक मित्र बेंगळुरूत आयटीत आहे. तो म्हणतो, दहा वर्षांत रोजचा व्यवहार क्रिप्टोतच होणार, मग बेळगावात पहिली पाटी तूच लाव की. जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूत छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या नोंदींवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या, तेव्हापासून मलाही वाटायला लागलंय की क्रिप्टोत आपला हिशेब आपल्यापाशी राहील. मी स्वतःच्या बचतीतले १ लाख ८० हजार बिटकॉइनमध्ये घातलेत. आता दुकानाच्या खेळत्या भांडवलातले काही लाख त्यात ठेवावेत असं मनात आहे. थोरला भाऊ दुबईला आहे. बँकेतून पैसे पाठवण्यापेक्षा यूएसडीटी (डॉलरला बांधलेलं क्रिप्टो-नाणं) पाठव, मी इथे विकून रुपये करतो, असं मी त्याला सुचवलंय. बाबा म्हणाले, ‘असलं काही माझ्या दुकानात चालायचं नाही,’ आणि त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. क्रिप्टो कधी रोजचा पैसा होईल का? आणि आमच्यात बरोबर कोण?

— एक वाचक, शहापूर

*

प्रिय मित्रा,

पाटी लावू नकोस. भांडवलाला हात लावू नकोस. आणि भावाला यूएसडीटीचा निरोप दिला असशील तर आजच फोन करून थांबव, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट तीच आहे. तिच्यावर पुढे सविस्तर लिहिते.

पण तुझा मूळ प्रश्न टाकाऊ नाही. बँकेत काउंटरच्या आत बसून मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट पाहिली: लोक कुठल्या पैशावर विश्वास ठेवतात आणि का. त्यामुळे ‘क्रिप्टो रोजचा पैसा होईल का’ यावर माझं मत पक्कं आहे, आणि ते तुझ्याच दुकानावरून सांगता येतं.

गोव्याहून आलेल्या बाईंनी तुला साडीचे ६,००० रुपये दिले. ते तुझ्या गल्ल्यात किती वेळ थांबतात? विणकराची मजुरी जाते. सुरतेच्या व्यापाऱ्याची मुदत भरलेली असते. पार्सल उतरवणारा हमाल उभा असतो. हेस्कॉमचं विजेचं बिल, महापालिकेचा कर, दुकानातल्या पोरांचे पगार. संध्याकाळी पिग्मीवाला येतो, त्याला दोन-पाचशे. आता या यादीतला एक तरी माणूस बिटकॉइन घेईल का, ते तूच बघ. वडगावचा विणकर ते घेऊन किराणा दुकानात गेला तर दुकानदार काय म्हणेल? पैसा रोजचा केव्हा होतो? आपल्याला मिळालेला पैसा पुढचा माणूस कुरकुर न करता घेतो, त्याच्याकडून तिसरा घेतो आणि कुणालाच मधे थांबून विचार करावा लागत नाही, तेव्हा. तुझा मित्र दुकानाच्या दारातल्या पाटीचं बोलतोय. अडचण दुकानाच्या मागच्या दाराला आहे, जिथून पैसा बाहेर जातो. तू बिटकॉइन घेतलेस तरी त्याच संध्याकाळी तुला ते विकून रुपये करावे लागणार. मग पैसा रुपयाच राहिला, मधे फक्त एक जास्तीचा व्यवहार आला आणि त्यावरचा खर्च आला.

ही साखळी सरकारी हुकमानेही जुळत नाही. आपल्याकडे दहा रुपयांच्या नाण्याचं काय झालं ते तुला आठवत असेल. नाणं सरकारचं, टाकसाळीतून आलेलं. रिझर्व्ह बँकेने पुन्हा पुन्हा सांगितलं की सगळ्या नक्षींची नाणी चालतात. तरी कुठून तरी अफवा उठली आणि कित्येक बाजारांत ते घ्यायला लोक तयार होईनात. दुकानदाराचं म्हणणं एकच असायचं: ‘मी घेतो हो, पण माझ्याकडून पुढे कोण घेत नाही.’ हेच वाक्य बिटकॉइनच्या बाबतीत एका अख्ख्या देशाने म्हटलं आहे.

तो देश मध्य अमेरिकेतला एल साल्वाडोर. तिथे ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइन कायदेशीर चलन झालं. दुकानदाराने ते घ्यायचंच, असा कायदा केला. सरकारने ‘चिवो’ नावाचं मोबाइल वॉलेट काढलं आणि ते घेणाऱ्या प्रत्येक नागरिकाला ३० डॉलरचे बिटकॉइन फुकट दिले. लोकांनी वॉलेट उतरवून घेतलं, ३० डॉलर खर्च केले, आणि बहुतेकांनी पुढे ते वापरलंच नाही. परदेशातल्या नातेवाइकांकडून येणारा पैसा त्या देशाच्या अर्थव्यवस्थेचा मोठा आधार आहे, पण त्यातलाही फार थोडा भाग क्रिप्टोतून यायला लागला. शेवटी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाची बोलणी झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून बिटकॉइन घेण्याची सक्ती काढून टाकली. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकानेही २०२२ मध्ये तसाच कायदा केला होता, तो वर्षभरात मागे घेतला. एल साल्वाडोरमध्येच एल झोंते नावाचं किनाऱ्यावरचं एक गाव आहे. तिथे परदेशी पाहुणे आणि स्थानिक दुकानदार खरोखर बिटकॉइनने देवघेव करतात. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या ते शक्य आहे. पण पाहुण्यांच्या उत्साहावर चाललेलं एक गाव आणि आठवड्याचा बाजार भरवणारा मुलूख यांत फार अंतर आहे.

यापेक्षाही मोठी अडचण उधारीची आहे, आणि कापडाच्या धंद्यात ती तुला नवी नाही. सुरतेचा व्यापारी तुला माल देतो तो मुदतीवर. तू ओळखीच्या गिऱ्हाइकाला लग्नाचा बस्ता देतोस, अर्धे आता, अर्धे लग्न पार पडल्यावर. हे सगळं कशावर चालतं? दोन महिन्यांनी रुपया साधारण रुपयाएवढाच असेल या भरवशावर. बिटकॉइन नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९,००० डॉलरच्या जवळ होता. वर्षभरात तो १६,००० च्या खाली आला. त्या नोव्हेंबरात साडीचे ६,००० रुपये तू बिटकॉइनमध्ये घेऊन ठेवले असतेस, तर वर्षाने हातात दीड हजाराच्या आसपास राहिले असते. त्यात विणकराची मजुरीसुद्धा निघाली नसती. आता उलट बाजू बघ. डिसेंबर २०२४ मध्ये तोच बिटकॉइन १ लाख डॉलरच्या वर गेला. खाली असताना कुणाकडून बिटकॉइनमध्ये उधार घेतलं असतंस, तर दोन वर्षांत मुद्दलच सहापट फेडावं लागलं असतं. पडला तर घेणारा बुडतो, चढला तर देणेकरी बुडतो. असल्या मापात बस्त्याची उधारी कोण मांडणार? मित्र म्हणेल, वापर वाढला की भाव स्थिरावेल. मला ते पटत नाही. बिटकॉइन कधीच २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त निघणार नाहीत, हे त्याच्या घडणीतच ठरलेलं आहे. मागणी वाढली तरी पुरवठा वाढत नाही, मग सगळा ताण भावावर येतो. आणि उद्या भाव चढणार असं ज्याला मनापासून वाटतं, तो आज ते साडीसाठी कशाला खर्च करेल? शहापूरच्या सराफाकडचं सोनं जसं लोक विकत घेतात, जपतात, अडीनडीला मोडतात, पण ते घेऊन भाजी मंडईत जात नाहीत, तसंच याचं होत आलंय.

वेगाचं आणि शुल्काचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर मित्राकडे उत्तर असेल. बिटकॉइनच्या व्यवहारांचा नवा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, साधारण दहा मिनिटांनी बनतो आणि सेकंदाला सातच्या आसपास व्यवहार त्यात मावतात. गर्दी झाली की शुल्क चढतं. एप्रिल २०२४ मध्ये काही काळ एका व्यवहाराचं सरासरी शुल्क १०० डॉलरच्या पुढे गेलं होतं. यावर लाइटनिंग नावाची वरची व्यवस्था निघाली आहे. तिच्यात पैसे क्षणात आणि अगदी थोड्या शुल्कात जातात, हे खरं आहे. पण आपल्याकडे ती कुणाची अडचण सोडवणार? एप्रिल २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. बँक खात्यातून खात्यात जाणाऱ्या पैशावर गिऱ्हाइकाला काही पडत नाही, तुलाही नाही. निपाणीचा माणूस कोल्हापुरात कोड स्कॅन करतो, सावंतवाडीचा तुझ्या दुकानात करतो, सीमा मधे येत नाही. ज्या देशात रोजची देवघेव इतकी सोपी झाली, तिथे लोकांनी नवा पैसा शिकावा यासाठी कारणच उरलं नाही. त्यातून रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२२ पासून किरकोळ व्यवहारांसाठी ई-रुपयाही, म्हणजे रुपयाचंच डिजिटल रूप, आणून पाहिला. त्याच्यामागे साक्षात रिझर्व्ह बँक आहे, तरी तो तुझ्या काउंटरवर किती जणांनी मागितला?

आता जीएसटीचं. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

तुझी भीती मला कळते. त्या नोटिसांनंतर बेंगळुरूत दुकानदारांनी ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या, ते मी वाचलं तेव्हा मलाही वाईट वाटलं. दूध-भाजी विकणाऱ्या माणसाला लाखांचा आकडा लिहिलेला कागद आला तर त्याची झोप उडणारच. पण जीएसटी विक्रीवर लागतो. पैसे नोटांत आले, कोडवर आले की बिटकॉइनमध्ये आले, याच्याशी त्याचा संबंध नाही. मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. तुमचं तिसऱ्या पिढीचं दुकान, म्हणजे नोंदणी असणारच, मग भ्यायचं कशाला? आणि क्रिप्टोत हिशेब आपल्यापाशी राहतो ही समजूत तर साफ उलटी आहे. बिटकॉइनची प्रत्येक हालचाल सगळ्या जगाला दिसेल अशा वहीत, म्हणजे ब्लॉकचेनवर, कायमची लिहिली जाते. तू ते ज्या एक्स्चेंजवर (क्रिप्टो घ्यायच्या-विकायच्या ऑनलाइन पेढीवर) घेतलेस तिथे तुझं पॅन आणि आधार आहे. मार्च २०२३ पासून ही एक्स्चेंजेस मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली आहेत आणि संशयास्पद व्यवहार कळवायला बांधील आहेत.

त्यात कायद्याची आणखी एक बाजू तुझ्या मित्राने बहुधा वाचलेली नाही. क्रिप्टोवर आपल्याकडे बंदी नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं, तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केला. पण एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर अधिभार-उपकर वेगळा. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, दुकानाच्या नफ्यातून तर नाहीच. जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढच्या व्यवहारावर १ टक्का टीडीएस आहे. गिऱ्हाइकाने तुला बिटकॉइन दिले आणि तू साडी दिलीस, तर कायद्याच्या नजरेत त्याने मालमत्ता विकली आणि तू ती वस्तूच्या बदल्यात विकत घेतलीस. रक्कम त्या मर्यादेपुढे गेली, तर हा १ टक्का भरला गेलाय याची खात्री केल्याशिवाय तू साडी हातावेगळी करायची नाही. नवरीकडची माणसं गाडी लावून खोळंबली आहेत आणि तू कर भरल्याचा पुरावा तपासतोयस! पैसे वाचवायला निघालास आणि पदरी अशी कागदपत्रं घेऊन बसलास, असं होईल. मनात काही शंका असेल तर तुमच्या टॅक्स कन्सल्टंटकडे जा, मागच्या तीन-चार वर्षांचं यूपीआयचं स्टेटमेंट आणि भरलेली विवरणपत्रं समोरासमोर ठेव, फरक दिसला तर तो आताच दुरुस्त करून घे. एका दुपारचं काम आहे.

भावाचं सांगते. दुबईहून यूएसडीटी आले, तू इथे ते कुणा अनोळखी माणसाला विकलेस, त्याने तुझ्या खात्यात रुपये टाकले. तो माणूस कोण? त्याच्याकडचे रुपये कुठले? ऑनलाइन फसवणूक करणारे लोक लुटलेला पैसा नेमका याच वाटेने फिरवतात. समज, मध्य प्रदेशात कुणा निवृत्त शिक्षकाला ‘डिजिटल अरेस्ट’ दाखवून लुटलं आणि त्यातले ५० हजार तुझ्या यूएसडीटीच्या बदल्यात तुझ्या खात्यात आले. शिक्षकाने तक्रार केली की सायबर पोलीस त्या पैशाचा माग काढत तुझ्या खात्यापर्यंत येतात आणि बँक खातं गोठवते. तू काही केलेलं नाहीस, हे तुला त्या दुसऱ्या राज्यातल्या ठाण्याला पटवून द्यावं लागतं. देशभर अशी खाती गोठली आहेत. तुझ्या बाबतीत ते खातं दुकानाचं चालू खातं असलं, तर ऐन वैशाखात तुमचे चेक परत जातील, सुरतेची पत जाईल, विणकरांची मजुरी अडकेल. शिवाय परदेशातली कमाई घरी आणायचे रस्ते कायद्याने ठरलेले आहेत: बँक किंवा अधिकृत मनी ट्रान्सफर. त्याबाहेरून आणलेल्या पैशाला परकीय चलन कायद्याची भानगड लागू शकते, आणि ती तुझ्याबरोबर भावालाही.

तरीही मित्राचं सगळंच चूक आहे असं मी म्हणत नाही. क्रिप्टो कुठे रोजच्या पैशासारखा वापरला जातो, ते बघितलं तर कारण लगेच कळतं. अर्जेंटिनात २०२३ मध्ये महागाईचा दर २०० टक्क्यांच्या वर गेला. पगार हातात आला की त्याची किंमत वितळायला लागते अशा ठिकाणी लोक यूएसडीटीसारखं, डॉलरला बांधलेलं नाणं धरतात आणि त्यात देवघेवही करतात. त्यांचा दोष नाही, मीही तेच केलं असतं. पण बघ, त्यांनी तिथे निवडला तो डॉलरच, फक्त फोनमध्ये मावणारा. म्हणून मला वाटतं, पुढेमागे देशादेशांमधली देणी-घेणी या डॉलर-नाण्यांच्या रस्त्याने जाऊ लागतील, कदाचित बँकाच ती आतून वापरतील आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही. अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये त्यासाठी कायदाही केला. या डॉलर-नाण्यांचीही परीक्षा व्हायची आहे: टेरा नावाच्या क्रिप्टो प्रकल्पाचं डॉलर-नाणं मे २०२२ मध्ये काही दिवसांत मातीमोल झालं, आणि मार्च २०२३ मध्ये एक अमेरिकन बँक बुडाली तेव्हा यूएसडीसीसारखं भरवशाचं डॉलर-नाणंही थोडा काळ एका डॉलरच्या खाली गेलं होतं. बिटकॉइन संपणार नाही असं मला वाटतं; तो जपून ठेवायची मालमत्ता म्हणून राहील. शहापूरच्या खडेबाजारात मात्र तुझ्या हयातीत साडीची किंमत रुपयातच सांगितली जाईल.

तुझे स्वतःचे १ लाख ८० हजार तुझे आहेत. ते विक असं मी म्हणणार नाही. उद्या शून्य झाले तर दुकानाचं, घरचं किंवा तुझ्या लग्नाचं काही अडेल का, एवढं बघ. अडत असेल तर तेवढा भाग काढून घे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या मोठ्या भारतीय एक्स्चेंजवर हॅकरनी सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरली, आणि हजारो लोकांना महिनोन् महिने आपल्याच पैशाला हात लावता आला नाही. आपली नाणी नेमकी कुठे आहेत, ती हलवायची किल्ली, म्हणजे गुप्त संकेतांक, कुणाकडे आहे, हे तुला ठाऊक हवं. विवरणपत्रात आभासी मालमत्तेसाठी वेगळा तक्ता असतो, विक्री केलीस तर तो भर.

आणि बाबा. तुझ्या पत्रात त्यांचं एकच वाक्य आहे, पण मला त्यात अडाणीपणा दिसत नाही. त्यांना ब्लॉकचेन समजत नसेल. शनिवारी विणकराला किती द्यायचेत आणि ते कुठून येणार, हे त्यांना पक्कं समजतं. तुझ्याकडे नव्या गोष्टीची भूक आहे, ती दुकानाला हवीच आहे. गोव्याच्या गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर साड्या दाखव, इलकलच्या मालाचे चांगले फोटो काढ, विणकरांचा आणि सुरतेचा मुदतीचा हिशेब संगणकावर आण. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट मात्र आधी सांग, तुझे १ लाख ८० हजार कुठे आहेत ते. पत्रावरून वाटतं की ते त्यांना माहीत नाही.

भावासाठी: त्याचं इथे एनआरई (अनिवासी भारतीयांचं) खातं नसेल तर या वेळच्या सुट्टीत काढायला सांग. पासपोर्ट, व्हिसा आणि दुबईच्या पत्त्याचा पुरावा लागतो. त्यावरचं व्याज आपल्याकडे करमुक्त असतं, आणि पैसे पाठवायचा दर त्याने तिथल्या दोन-तीन एक्स्चेंज हाउसमध्ये विचारून घ्यावा, कारण एकाच दिवशी दरात बराच फरक असतो.

— ताई